आओगाशिमाला 'ज्वालामुखीच्या तोंडातलं गाव' म्हणणाऱ्या मित्रांना खुले पत्र

मराठीत प्रवासाचे व्हिडिओ करणाऱ्या, लेख आणि पोस्ट लिहिणाऱ्या सगळ्या मित्रमैत्रिणींना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षभरात एकाच बेटाचा फोटो मला दहा-बारा जणांनी पाठवला. पुण्याच्या मावसबहिणीने पाठवला, शाळेच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवरून आईकडे गेला आणि आईकडून माझ्याकडे आला. निळ्या समुद्रात उभी हिरवीगार कढई आणि तिच्या तळाशी उपडी घातलेली वाटी. फोटो खोटा नाही. जपानमधलं आओगाशिमा बेट वरून खरोखर असंच दिसतं. पण फोटोखालचा मजकूर वाचला की जीव तुटतो. ज्वालामुखीच्या तोंडात राहणारी माणसं, मृत्यूच्या उंबरठ्यावरचं गाव, जगापासून तुटलेली वस्ती, थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच. तुमच्यातल्या काहींचे व्हिडिओ मी मनापासून बघते. एखाद्या आडवाटेच्या किल्ल्यासाठी तुम्ही चार-चार वेळा डोंगर चढता, गावातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसून ऐकता, हे मला दिसतं. तेवढंच या बेटाच्याही वाट्याला यावं, म्हणून हे पत्र.

मी चौदा वर्षं टोकियोत राहते, एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईत. आओगाशिमा इथून दक्षिणेला साडेतीनशे किलोमीटरहून जास्त दूर आहे आणि तरीही ते टोकियोतच आहे. हे म्हणायला म्हणून नाही. इझू बेटांची सगळी ओळ टोकियो महानगर प्रशासनाखाली येते आणि त्या ओळीतलं वस्ती असलेलं सगळ्यात दक्षिणेचं बेट म्हणजे आओगाशिमा. त्यांचा आणि माझा गव्हर्नर एकच. तिथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'शिनागावा' हे टोकियो शहरातल्या एका वॉर्डाचं नाव लिहिलेलं असतं. पिनकोडचे पहिले तीन आकडे १००, टोकियोच्या राजवाड्याच्या परिसराचे जे आहेत तेच. २०२०च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या १६९ भरली. स्वतंत्र ग्रामपालिका असलेलं, लोकसंख्येने जपानमधलं हे सगळ्यात लहान गाव. त्याला स्वतःचा सरपंच आहे, ग्रामसभा आहे, प्राथमिक आणि माध्यमिक शाळा आहे, दवाखाना आहे, पोस्ट आहे. आणि दुकान एकच.

आधी ती कढई नीट समजून घेऊ, कारण पहिली चूक तिथेच होते. बेट जेमतेम सहा चौरस किलोमीटरचं. समुद्राच्या तळापासून वर आलेल्या एका मोठ्या ज्वालामुखीचा हा नुसता माथा आहे. बाहेरची कडा म्हणजे जुन्या विवराचा काठ. त्या काठावरचं सगळ्यात उंच टोक ओतोन्बु, ४२३ मीटर. कड्याच्या आत दीड किलोमीटरच्या आसपास रुंदीचं खोलगट मैदान आहे, त्याला इकेनोसावा म्हणतात. आणि त्या मैदानात उभी असलेली छोटी टेकडी म्हणजे मारुयामा, 'गोल डोंगर'. फोटोत उपडी वाटी दिसते ती हीच. तिच्यावर रांगा धरून झाडं लावलेली आहेत, त्यामुळे वरून पट्टे दिसतात.

गाव या विवरात नाही. ते बाहेरच्या कड्याच्या उत्तरेकडच्या उतारावर आहे, समुद्रापासून बरंच उंच. दोन वाड्या आहेत, नीट रस्ते आहेत, घरांभोवती वाऱ्याला आडोसा म्हणून झाडं आहेत. तिथून विवर दिसतसुद्धा नाही. आत जायचं तर कडा ओलांडावा लागतो, त्यासाठी बोगदे खणले आहेत. इकेनोसावामध्ये शेतं आहेत, मिठाचा कारखाना आहे, तंबू ठोकायची जागा आहे. पण ज्या फोटोवर बाण काढून 'इथे गाव आहे' असं दाखवतात, तो बाण बहुतेक वेळा मारुयामाच्या पायथ्याशी रोवलेला असतो. तेवढा जरी तुम्ही हलवलात, तरी अर्धी सनसनाटी आपोआप निघून जाईल.

आता मारुयामाबद्दल एक गोष्ट सांगते, ती कळल्यापासून मला त्या टेकडीकडे वेगळ्याच नजरेने बघावंसं वाटतं. ती टेकडी फार जुनी नाही. पुण्यात सवाई माधवराव पेशवे गादीवर होते, त्या दिवसांत ती तयार झाली. शनिवारवाडा तिच्याहून वयाने मोठा आहे.

त्याआधी इकेनोसावामध्ये दोन तळी होती. १७८०च्या जुलैमध्ये धरणीकंपांचे हादरे सुरू झाले आणि तळ्यांचं पाणी चढायला लागलं. पुढच्या वर्षी राख पडली. १७८३च्या एप्रिलमध्ये विवरातून जळते दगड उडाले आणि ६१ घरं जळाली. माणसं तरीही राहिली. राखेतून जमीन मोकळी करायची, घर उभं करायचं, पुन्हा पेरायचं. मग १७८५ साली एप्रिलमध्ये स्फोट सुरू झाला तो थांबेचना. त्या वेळी बेटावर ३२७ माणसं होती. सगळ्यात जवळचा शेजार म्हणजे उत्तरेला सुमारे ७० किलोमीटरवरचं हाचिजोजिमा. तिथून होड्या आल्या. पण आओगाशिमाला धड किनारा नाही, चारही बाजूंनी सरळ तुटलेले कडे, आणि आलेल्या होड्यांत सगळे मावणार नव्हते. दोनशेच्या आसपास माणसं वाचली. १३० ते १४० बेटावरच राहिली आणि गेली.

तुमचे व्हिडिओ इथे संपतात. मोठा आवाज, लाल लाव्ह्याची चित्रं (ती बहुतेक दुसऱ्याच कुठल्या तरी ज्वालामुखीची), आणि मग 'आजही इथे माणसं राहतात' असं एक वाक्य. मधली पन्नास वर्षं कुठे गेली? मित्रांनो, या बेटाची गोष्ट खरं तर त्या पन्नास वर्षांतच आहे.

हाचिजोवर उतरलेली ती दोनशे माणसं आश्रित झाली. काळ कोणता, तर जपानभर तेनमेईचा दुष्काळ चालू होता, यजमानांच्याच घरात धान्य पुरत नव्हतं. शिवाय हाचिजो हे काळ्या पाण्याच्या शिक्षेचं बेट. सेकिगाहाराच्या लढाईत हरलेला सरदार उकिता हिदेइए १६०६ साली तिथे पाठवला गेला, तेव्हापासून १८६८ला सुरू झालेल्या मेइजी राजवटीची सुरुवातीची वर्षं उलटेपर्यंत कैदी येत राहिले. अशा ठिकाणी, दुसऱ्याच्या जमिनीवर, दुसऱ्याच्या मर्जीवर या लोकांनी दिवस काढले. मुलं झाली, म्हातारी माणसं गेली. आकाश स्वच्छ असलं की दक्षिणेला समुद्रात आपलं बेट दिसायचं, पण घर म्हणून आता तिथे काही उरलेलं नव्हतं.

चारच वर्षांत परत जायच्या खटपटी सुरू झाल्या. तेव्हा जपानचा कारभार चालवणाऱ्या शोगुनाच्या, म्हणजे सरसेनापतीच्या, सरकारकडे अर्ज गेले, पैसे मिळाले, माणसं पाठवली गेली. काही थोडी माणसं पुढे जाऊन राख उपसायची, जमीन तयार करायची आणि मग बाकीच्यांनी यायचं, असा बेत. बेटावर माणूस नव्हता तेवढ्या काळात उंदीर मात्र बेसुमार झाले होते, त्यांनी पेरलेलं खाल्लं. आणि समुद्राने तर परीक्षाच पाहिली. या दोन बेटांच्या परिसरातून कुरोशिओ नावाचा प्रवाह वाहतो, एखाद्या भरल्या नदीसारखा. शिडाची होडी त्यात एकदा सापडली आणि वारा पडला, की ती कुठे जाईल याचा नेम नाही. धान्य आणि अवजारं घेऊन निघालेल्या होड्या भरकटल्या, फुटल्या. काही शेकडो किलोमीटर दूर पार कीई प्रांताच्या किनाऱ्याला लागल्या. माणसं बुडाली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. शेवटी प्रयत्नच थंडावले.

१८१७ साली सासाकी जिरोदायु या माणसाकडे गावचं नानुशीपद आलं. नानुशी म्हणजे आपला पाटील. पण हा गाव नसलेल्या गावाचा पाटील. बेट सुटलं तेव्हा हा ऐन तरुण होता, पाटीलकी आली तेव्हा पन्नाशीला टेकलेला. त्याने घाई केली नाही, आणि मला त्याचं हेच मोठेपण वाटतं. किती माणसं, किती धान्य, किती होड्या, कुठली जमीन आधी मोकळी करायची, कोण कधी जाईल, याचा त्याने आधी हिशेब मांडला आणि तो सरकारपुढे ठेवला. माणसांची मनं वळवली. तोवर एक अख्खी पिढी अशी तयार झाली होती, जिने आओगाशिमा कधी पाहिलंच नव्हतं. त्यांना 'परत चला' कसं म्हणायचं? त्यांच्यासाठी ते परत जाणं नव्हतंच. तरीही लोक तयार झाले. १८२४ पासून माणसं टप्प्याटप्प्याने बेटावर जाऊ लागली. या खेपेला समुद्राने साथ दिली. आणि १८३५ साली सरकारी मोजणी झाली, जमिनीवर सारा बसला.

हा सारा बसणं मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याला कर म्हटला की कपाळाला आठी पडते. पण त्या लोकांनी तो दिवस कसा पाहिला असेल याचा विचार करा. सारा लागला म्हणजे जमीन आपल्या नावावर लागली. आता आपण कुणाचे आश्रित नाही. कागदावरून पुसलं गेलेलं गाव कागदावर परत आलं. पेशवाई बुडून सतरा वर्षं झाली होती. जन्मलेलं मूल आजोबा होईल एवढा काळ बेट ओस होतं, आणि ते पुन्हा वसलं.

या परतीला जपानीत एक शब्द आहे, 'कान्जू'. परत येऊन राहणं, असा त्याचा अर्थ. लोकसंस्कृतीचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी १९३०च्या दशकात या घटनेवर लिहिलं तेव्हा हा शब्द वापरला आणि तो बेटाला चिकटला तो कायमचा. हाचिजोहून बेटावर येणाऱ्या जहाजाचं नाव कित्येक वर्षं 'कान्जू-मारू' होतं. गावात ढोल वाजवतात त्यालाही कान्जूचंच नाव आहे. लक्षात घ्या, त्यांनी जहाजाला स्फोटाचं नाव दिलं नाही, ज्वालामुखीचं दिलं नाही. परतीचं दिलं. हे लोक स्वतःला ज्या नावाने ओळखतात, ते सोडून आपण त्यांना दुसऱ्याच नावाने का हाक मारायची?

मला हे इतकं का लागतं, तेही सांगायला हवं. माझी आजी कोयना खोऱ्यातली. शिवसागराचं पाणी चढलं तेव्हा तिचं गाव पाण्याखाली गेलं. ती पुढे जिथे राहिली तिथे तिचं सगळं बरं झालं, पण 'गावाला जाऊन येते' हे वाक्य तिच्या तोंडातून गेलं ते गेलंच. आमच्या घरात ते दुःख कुणी बोलून दाखवत नसे. ती भांडी घासताना एखाद्या शेताचं नाव घ्यायची, वाटेतल्या आंब्याचं घ्यायची, आणि गप्प व्हायची. जिरोदायुबद्दल मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तीच आठवली. पन्नास वर्षांनी गाव परत मिळतं, असं कुठे तरी खरोखर झालंय, हे तिला सांगायला हवं होतं.

म्हणून मी तिकडे जायचं ठरवलं. पहिल्या खेपेला पोहोचलेच नाही. दुसऱ्याही नाही.

इथे रस्त्याची माहिती देते, कारण तुमच्यातल्या कुणाला तरी उपयोगी पडेल. टोकियोच्या ताकेशिबा धक्क्यावरून रात्री साडेदहाला मोठं जहाज सुटतं आणि मियाके, मिकुरा ही बेटं घेत सकाळी हाचिजोला पोहोचतं. विमानाने गेलात तर हानेदाहून तासाभरात. पुढचा टप्पा मात्र दोनच मार्गांनी. हाचिजोहून सुमारे तीन तासांचं छोटं जहाज, किंवा नऊ प्रवाशांचं हेलिकॉप्टर, दिवसातून एकदा, वीस मिनिटांचं. हेलिकॉप्टरच्या जागा लवकर भरतात. आणि जहाज निघेल की नाही ते समुद्र ठरवतो. त्या बंदरात दोन शब्द सारखे कानावर पडतात. एक 'केक्को', म्हणजे आजची फेरी रद्द. दुसरा 'जोकेन-त्सुकी', म्हणजे निघतोय खरं, पण तिथे लाट मोठी असली तर धक्क्याला न लागता परत फिरू. पहिल्या वेळी मी तीन दिवस हाचिजोत केक्को ऐकला आणि रजा संपली म्हणून परत आले. दुसऱ्या वेळी जहाज निघालं, बेट समोर दिसलं, आणि आम्ही परत फिरलो. धक्क्यावरची माणसं दिसत होती इतक्या जवळून.

त्या परतलेल्या जहाजावर माझ्या शेजारी एक आजी होत्या. हाचिजोच्या इस्पितळात तपासणीला आलेल्या आणि घरी निघालेल्या. मी हळहळत होते, त्या पिशवीतून संत्रं काढून सोलत होत्या. मी कुठून आले ते त्यांनी विचारलं. टोकियोहून, म्हटलं. आपणही टोकियोच्याच, असं त्या म्हणाल्या आणि अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं. त्या चेष्टा करत नव्हत्या. त्यांना मी शेजारच्या वॉर्डातली वाटले, एवढंच.

तिसऱ्या खेपेला सान्पो बंदरात पाय लागला. बंदर म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे येतं ते विसरा. सरळ उभा कडा, दरड कोसळू नये म्हणून वरपर्यंत काँक्रीटने लिंपलेला, आणि त्याच्या पायाशी समुद्रात घुसवलेला एक धक्का. मासेमारीच्या होड्या पाण्यात नांगरून ठेवताच येत नाहीत, लाटा त्यांचा चुरा करतील. त्या तारेने वर उचलून उंचावर ठेवतात. जहाज लागलं की गावातले हाताला लागतील तेवढे लोक धक्क्यावर येतात. गॅसच्या टाक्या, भाजी, टपाल, औषधं, सिमेंट, सगळं यातूनच येतं. आणि बेटावर वाढवलेली मांसाची काळी वासरं याच जहाजाने बाहेर जातात.

बेटावर नदी नाही, झरा नाही. गावाच्या वर डोंगराचा एक मोठा उतार काँक्रीटने गुळगुळीत केलाय, त्यावरून पावसाचं पाणी वाहत खाली येतं, साठतं आणि शुद्ध होऊन नळाला जातं. सह्याद्रीत इतका पाऊस पडूनही चैत्रात हंडे घेऊन चालणाऱ्या बायका पाहिलेल्या माझ्यासारखीला तो उतार बघत बराच वेळ उभं राहावंसं वाटलं. तुम्ही त्याचा व्हिडिओ केलात तर मी तो सगळ्यांना पाठवीन.

इकेनोसावामध्ये जमिनीच्या भेगांतून वाफ येते. बेटावर तिला 'हिंग्या' म्हणतात. 'आगीच्या कडेचं' अशा अर्थाच्या जुन्या शब्दांवरून हे नाव आलं, असं सांगतात. ज्याने गाव जाळलं त्याच ज्वालामुखीच्या वाफेवर आज समुद्राचं पाणी हळूहळू आटवून मीठ करतात. तिथे कुणालाही वापरता येतील अशी वाफेची भांडी बसवलेली आहेत. रताळी, अंडी, मासे टोपलीत ठेवायचे, झाकण लावायचं आणि झडप उघडायची. मी रताळी ठेवली. वाट बघावी लागते, पण चव अशी की नुसतं मीठ लावून खाल्ली. रताळ्याचीच दारूही करतात, 'आओचू'. अठराशे त्रेपन्न साली दक्षिण जपानमधल्या सात्सुमा प्रांताचा एक व्यापारी कैदी म्हणून हाचिजोला आला आणि त्याने तिथल्या लोकांना रताळ्यापासून शोचू गाळायला शिकवलं. तीच विद्या पुढे इथे आली. पूर्वी घरोघरच्या बायका ती गाळत. आजही गाळणारे थोडेच आहेत, प्रत्येकाच्या हातची चव वेगळी आणि बाटलीही वेगळी. धान्यावर बुरशी धरवण्यासाठी इथल्याच रानातल्या एका रुंद पानाच्या नेच्याचा उपयोग करतात.

भाषेचंही सांगते, कारण तुमच्यात बोलीभाषांवर प्रेम करणारे बरेच आहेत. हाचिजो आणि आओगाशिमाची बोली टोकियोच्या माणसालाही पटकन कळत नाही. 'उंच डोंगर' याला प्रमाण जपानीत 'ताकाइ यामा' म्हणतात, या बोलीत 'ताकाके यामा'. विशेषणाचं हे 'के' बाराशे वर्षांपूर्वीच्या पूर्व जपानी कवितांत सापडतं. मुख्य भूमीवर ते केव्हाच विरलं, इथे टिकलं. युनेस्कोने २००९ साली ही भाषा धोक्यात असलेल्या भाषांच्या यादीत घातली. 'आओ' हा शब्दही ऐकायला गोड आहे. त्यात निळा आणि हिरवा दोन्ही मावतात. बेटाजवळ गेल्यावर कळतं की त्यांना दोन शब्दांची गरज का पडली नाही.

सगळं गोड आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. तसं चित्र रंगवलंत तर तेही खोटंच होईल. बेटावर माध्यमिकच्या पुढची शाळा नाही. पंधराव्या वर्षी मूल घर सोडून हाचिजोला नाही तर टोकियो शहरात जातं, आणि त्यातली किती परत येतील ते आईबापांना माहीत नसतं. १६९ माणसांत शिक्षक, पोलीस, बांधकामावरचे कामगार असे काही वर्षांसाठी आलेलेही बरेच असतात. दरडी, रस्ते, बंदर यांचं काम कधी संपत नाही आणि गावाचा मोठा रोजगारही तोच आहे. रात्री कुणाचं दुखणं वाढलं तर हेलिकॉप्टर मागवावं लागतं आणि ते हवामानावर अवलंबून. १९५६ पर्यंत तर इथल्या लोकांना देशाच्या निवडणुकीत मतदानाचा अधिकारच बजावता येत नव्हता. दळणवळण इतकं बेभरवशाचं की नियमातच हे गाव वगळलेलं होतं. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी सारा भरायचा हक्क समुद्राशी झुंजून परत मिळवला, त्यांना मत द्यायला आणखी १२१ वर्षं लागली. आणि ज्वालामुखी जिवंत आहे, हे त्यांना आपल्याहून चांगलं माहीत आहे. जपानची हवामान संस्था ज्या ज्वालामुखींवर चोवीस तास नजर ठेवते, त्यांत आओगाशिमा आहे. १७८५ नंतर तो फुटलेला नाही.

त्या लोकांना वेडे किंवा धाडसी म्हणू नका, असं मी म्हणते ते यामुळे. कोयनेच्या भूकंपानंतर पाटणची माणसं पाटणलाच राहिली, त्यांना कुणी 'भूकंपाच्या तोंडात राहणारी' म्हटलं असतं तर आपल्याला कसं वाटलं असतं?

आता माझी विनंती. ज्यांनी आधीच व्हिडिओ टाकलेत त्यांनी ते काढून टाकावेत असं नाही. खाली वर्णनात दोन ओळी वाढवा की गाव विवराच्या बाहेर आहे आणि हे लोक पन्नास वर्षांनी परत आले. जिरोदायुचं नाव घ्या. मराठीत ते नाव आजवर किती जणांनी उच्चारलं असेल? नवा व्हिडिओ करणार असाल तर सुरुवात लाव्ह्याने करू नका, हाचिजोच्या धक्क्यावर उभं राहून दक्षिणेला बघत करा. 'कान्जू' हा शब्द मराठीत आणा. आपल्याकडे 'विस्थापित' आहे, 'पुनर्वसन' आहे, दोन्ही सरकारी कागदावरचे. मूळ जागी परतून पुन्हा वसण्यासाठी घरातला शब्द आपल्याला नाही, कारण तशी वेळ आपल्या गावांवर फारशी आलीच नाही.

आणि प्रत्यक्ष जाणार असाल तर आधी राहायची सोय पक्की करा, मगच तिकीट काढा. मुक्कामाची घरं मोजकी आहेत, जेवणही तिथेच मिळतं, कारण गावात हॉटेलं नाहीत. एकुलत्या एका दुकानातलं सामान गावासाठी आलेलं असतं. पुढचं जहाज कधी येईल हे माहीत नसताना आपण तिथली बिस्किटं आणि नूडल्स संपवून टाकायच्या नाहीत. परतीला निदान तीन-चार दिवस हाताशी ठेवा. ड्रोन उडवायचा असेल तर ग्रामपालिकेला आधी विचारा, आणि घरांवरून, शाळेवरून उडवू नका. दीडशे-पावणेदोनशे माणसांच्या गावात प्रत्येक चेहरा ओळखीचा असतो, तुमच्या व्हिडिओतली म्हातारी कुणाची आई आहे हे सगळ्यांना कळतं. तिला विचारून घ्या. जपानी येत नसेल तर मला सांगा, दोन वाक्यं मी लिहून देईन.

पुढच्या मे महिन्यात मी पुन्हा जाणार आहे. या खेपेला आईलाही घेऊन. तिला ती वाफेवरची रताळी खायची आहेत आणि मला तिला जिरोदायुच्या घराची जागा दाखवायची आहे. हाचिजोत मुक्कामाचे चार दिवस जास्तीचे धरले आहेत. तुमच्यापैकी कुणी त्याच सुमारास येणार असेल तर कळवा, सकाळी धक्क्यावर भेटू. केक्को झाला तर तिथेच बसून गप्पा मारू आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत उभे राहू.

तुमची एक प्रेक्षक,
निशी-कासाई, टोकियो